होळकरांची ड्यूसेनबर्ग आणि तिचीं चरित्रें

या त्रैमासिकाच्या पानांत मोटारीचा विषय आणल्याबद्दल वाचकांची क्षमा मागण्याचें आम्हांस प्रयोजन दिसत नाहीं. ताम्रपट, सनदा, करिने आणि पोथ्या यांची चिकित्सा करणाऱ्यांस यंत्राच्या चरित्राशीं काय कर्तव्य, असा पूर्वपक्ष कोणी करील. त्यास उत्तर इतकेंच कीं, जिच्यावर अंक कोरलेला आहे, जिची मालकी हातोहात फिरली आहे आणि जिच्याविषयीं गोष्टी सांगितल्या जात आहेत, ती वस्तु साधनचिकित्सेच्या कक्षेबाहेर राहूं शकत नाहीं. शिवाय ही वस्तु होळकरांची आहे. आणि मनमाडाहून सुमारें २५ किलोमीटरांवरील चांदवडास होळकरांचा रंगमहाल आजही उभा आहे. तेव्हां विषय आमच्या शिवेबाहेरचाही नाहीं.

अमेरिकेंतील ड्यूसेनबर्ग मोटारीविषयीं दोन प्रकारचें लेखन आमच्या पाहण्यांत आलें. एक, कारखान्याचे इतिहास. दुसरें, गाड्यांच्या मालकांनीं सांगितलेले अनुभव आणि लिलाव करणाऱ्या पेढ्यांनीं त्यांवरून रचिलेलीं वर्णनें. दोन्ही प्रकारचें लेखन श्रमानें केलेलें आहे. परंतु पहिल्यांत भाटगिरीचा आणि दुसऱ्यांत माहात्म्यकथेचा दोष इतका भरला आहे कीं, इतिहास म्हणून त्याचा उपयोग करणाऱ्यानें फार जपून चालावें.

प्रथम निर्विवाद भाग सांगतों. फ्रेडरिक आणि ऑगस्ट हे ड्यूसेनबर्ग बंधु जर्मनींतील लिपे प्रांतांत, अनुक्रमें १८७६ व १८७९ सालीं जन्मले. १८८५ च्या सुमारास कुटुंब अमेरिकेंत आयोवा प्रांतीं गेलें. सायकलीच्या धंद्यापासून आरंभ करून हे बंधु शर्यतीच्या मोटारींकडे वळले. १९२१ सालीं ल मां येथील फ्रेंच ग्राँ प्रीची शर्यत त्यांच्या गाडीनें जिंकली. इंडियानापोलिसची पांचशें मैलांची शर्यत १९२४, १९२५ आणि १९२७ या वर्षीं त्यांच्याच गाड्यांकडे गेली. कीर्ति मिळाली, पैसा मात्र राहिला नाहीं. १९२६ सालीं कॉर्ड नांवाच्या धाडसी व्यापाऱ्यानें कारखाना विकत घेतला आणि जगांत तोड नसलेली गाडी करा अशी फ्रेडरिकास आज्ञा केली. ती ‘जे’ नांवाची गाडी १ डिसेंबर १९२८ रोजीं न्यूयॉर्क येथें लोकांपुढें आली. पांचशें गाड्यांची योजना होती. वर्ष पुरें होण्याच्या आंत, ऑक्टोबर १९२९ मध्यें, न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला. १९३२ सालीं फ्रेडरिक मोटार-अपघातानंतर वारला, १९३७ सालीं कारखाना बंद झाला; आणि सारें मिळून या जातीच्या गाड्या सुमारें ४८० झाल्या.

‘जे’च्या यंत्राची शक्ति २६५ अश्वांची, असें प्रत्येक पुस्तकांत आढळतें. त्या काळच्या इतर अमेरिकन गाड्यांच्या दुपटीहून हा आंकडा मोठा आहे. तो कोठून आला? कारखान्याच्या जाहिरातींतून. म्हणजे यजमानाच्या पराक्रमाचा एकमेव साक्षी त्याच्याच पदरचा भाट! आंकडा खोटा आहे असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु पन्नास ग्रंथांनीं एकाच उगमांतून घेतलेली गोष्ट पन्नास साक्षींनीं सिद्ध होत नाहीं. एका आदर्शावरून उतरलेल्या पोथ्या कितीही असोत, पाठनिर्णयांत त्यांचें वजन एका पोथीचेंच, हा आपल्या अभ्यासाचा पहिला धडा मोटारीच्या इतिहासकारांनीं घेतलेला दिसत नाहीं.

आतां होळकरांची गाडी. श्रीमंत यशवंतराव होळकर (दुसरे) यांच्यासाठीं ‘एसजे’ जातीचा, म्हणजे हवा दाबून भरणाऱ्या सुपरचार्जर यंत्रानें युक्त असा सांगाडा अमेरिकेंतून आला, आणि त्यावर लंडनच्या गर्नी नटिंग या कारागिरांनीं, मॅकनील नामक आराखडेकाराच्या रचनेप्रमाणें, दोन माणसांची उघडी बॉडी चढविली. रंग नारिंगी आणि काळा. येथें वाचकांनीं एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. ड्यूसेनबर्गचा कारखाना मुख्यतः सांगाडा, यंत्र आणि पुढचा भाग विकीत असे. नुसत्या सांगाड्याची किंमत आरंभीं ८,५०० डॉलर होती. वरची बॉडी ग्राहकानें आपल्या पसंतीच्या कारागिराकडून करून घ्यावयाची. म्हणजे सूत्र एकाचें आणि भाष्य दुसऱ्याचें. यामुळेंच या गाडीच्या सालाविषयीं घोळ आहे. कोणी १९३५ लिहितो, कोणी १९३६. दोघेही आपापल्या जागीं प्रामाणिक असतील. एक सूत्राचा काल सांगतो, दुसरा भाष्याचा. परंतु आपण कोणता काल सांगत आहों हें न सांगतां नुसतें साल देणें म्हणजे शक कीं संवत् हें न लिहितां अंक टाकण्यासारखेंच आहे.

लिलावाच्या वर्णनांत यशवंतरावांचें चित्र येतें तें असें: एक तरुण, अतिश्रीमंत, विलासी महाराजा; ‘होळकर’ हें जणूं त्याचें स्वतःचें नांव. होळकर हें नीरातीरच्या होळ गांवावरून आलेलें आडनांव आहे, आणि त्या गांवच्या मल्हाररावांनीं अठराव्या शतकांत माळव्यांत राज्य उभें केलें, हें एका ओळींत सांगण्यासारखें होतें. तीं वर्णनें तें सांगत नाहींत. यशवंतराव १९२६ सालीं गादीवर आले ते वडील तुकोजीराव यांनीं राज्यत्याग केला म्हणून. आणि तो त्याग बावला खून प्रकरणामुळें घडला. १२ जानेवारी १९२५ च्या त्या मलबार हिलवरील हल्ल्यांतही हल्लेखोर मोटारींतून आले होते. तीही अमेरिकन, मॅक्सवेल! तिचें वर्णन साक्षीपुराव्यांत गेलें, संग्रहांत नव्हे. पुढें १९२८ च्या मार्चांत तुकोजीरावांनीं सिएटलच्या नॅन्सी मिलर हिच्याशीं विवाह केला. तत्पूर्वीं तिचा हिंदुधर्मप्रवेश आमच्या नाशिकासच डॉ. कुर्तकोटी शंकराचार्यांच्या हस्तें झाला. अमेरिकेचा होळकरांच्या घरांत प्रवेश मोटारीच्या बरोबर झाला नाहीं, तिच्या आधीं झाला. ज्यास ‘एका महाराजाची लहर’ म्हणतात तिच्या मागें ही सारी हकीकत आहे. माणिकबाग राजवाडा, तो बांधणारा मुथेसियस, ब्रांकुशीचीं शिल्पें, मॅन रे यानें काढिलेलीं छायाचित्रें, या सर्वांच्या ओळींत ही गाडी बसवून पाहिली तर तींत लहर कमी आणि अभिरुचि अधिक दिसते.

एक दंतकथा मात्र फारच लोकप्रिय आहे. या गाडीच्या पुढें तांबडे आणि निळे असे निराळे दिवे होते. महाराज चालवीत असले तर एक लागे, महाराणी असल्या तर दुसरा. आणि त्यावरून पोलिसांस मुजऱ्याची सूचना मिळे, असें सांगतात. कथा सुंदर आहे, अशक्यही नाहीं. परंतु कोणती महाराणी? कागलच्या घराण्यांतील संयोगिताबाईसाहेब १९३७ सालींच परदेशीं निवर्तल्या. गाडी लंडनांत बॉडी चढवून इंदुरास येण्यास लागणारा काल वजा जातां तो दिवा त्यांच्यासाठीं किती दिवस लागला असेल, याचा हिशेब वाचकांनींच करावा. यशवंतरावांनीं पुढें दोन अमेरिकन स्त्रियांशीं विवाह केले. कथा त्यांपैकीं कोणाची असेल तर तसें सांगितलें पाहिजे. दिवे प्रत्यक्ष आहेत हें कथेचें प्रमाण नव्हे. गडावर कडा आहे म्हणून त्यावरून कोणी उडी घातलीच असें होत नाहीं.

मालकांच्या अनुभवांपैकीं एक भाग आम्हांस मनापासून आवडला, तो वाचकांपुढें ठेवितों. या गाडींत पाऊणशें मैल चालल्यावर सांगाड्याच्या सांध्यांस आपोआप तेल देणारी योजना आहे. तें काम चालू असतां दर्शनी फळीवर दिवा लागतो. सातशें मैलांनंतर यंत्रांतील तेल बदलण्याची आणि चौदाशें मैलांनंतर विद्युत्‌घटांत पाणी पाहण्याची सूचना दुसरे दिवे देतात. नित्य आणि नैमित्तिक अशा दोन्ही कर्मांचा पाठ यंत्रासच शिकविलेला पाहून आमच्यासारख्या जुन्या वैदिक परंपरेंतील माणसास कौतुक वाटल्यावांचून कसें राहील! इंदुराहून सेंधवा, धुळें, मालेगांव, चांदवड या आग्रारस्त्यानें मुंबईस जावयाचें तर सुमारें ३६० मैल पडतात. म्हणजे वाटेंत चार वेळां तो दिवा लागावयाचा.

पण तो दिवा लागल्यावर खालीं वांकून पाहणारा कोण होता? तेल भरणारा, चाकें उतरविणारा, पावसाळ्यांत नाल्याकांठीं गाडी रोखून धरणारा? आम्हीं जें वाचलें त्यांत मालक बोलतो, लिलाववाला बोलतो, अलीकडचा जीर्णोद्धारकही बोलतो. शोफर आणि मेस्त्री मुके आहेत. ‘मालकांचे अनुभव’ हें नांवच ही उणीव सांगतें. संस्थानांतून गाडीखान्याचे खर्च लिहिले जात. तेल, रबर, पगार, बक्षिसें यांच्या नोंदी होत. असलीं दप्तरें अभ्यासूं जाणाऱ्यानें पत्रव्यवहार आणि तहनाम्यांबरोबर गाडीखान्याचीं बाडेंही सोडवावींत. एका मेस्त्रीच्या बिदागीच्या नोंदीवर त्या दिव्यांच्या कथेहून आमचा विश्वास अधिक बसेल.

आतां मुख्य आक्षेप. ‘एसजे’ जातीच्या गाड्या कारखान्यानें अवघ्या ३६ केल्या असें मानितात. परंतु साध्या ‘जे’ गाडीस मागाहून सुपरचार्जर बसवून तिला ‘एसजे’च्या पंक्तीस बसविल्याचीं उदाहरणें पुष्कळ आहेत. बॉड्याही एका सांगाड्यावरून दुसऱ्यावर गेल्या, यंत्रेंही बदललीं. हे क्षेपक होत. अमेरिकेंतील ऑबर्न-कॉर्ड-ड्यूसेनबर्ग क्लब सांगाडा, यंत्र व बॉडी तपासून अस्सलपणाचे दाखले देतो, ही गोष्ट स्तुत्य आहे. त्या बाबतींत मोटारवाले आम्हां पोथीवाल्यांच्या पुढें आहेत असें कबूल केलें पाहिजे. पण दाखल्यामागें द्रव्य उभें आहे. २०१८ सालीं गॅरी कूपर या नटाची आंखूड सांगाड्याची ‘एसएसजे’ दोन कोटी वीस लाख डॉलरांस विकली गेली. जेथें एका अंकाच्या खरेपणावर एवढी रक्कम अवलंबून आहे, तेथें अंक निर्माण होण्यास किती वेळ लागतो?

आम्हांस याचा अनुभव दोन्हीकडून आला आहे. आमच्या संग्रहीं मेघदूताची एक पोथी आहे. ज्यानें ती विकली त्यानें पुष्पिकेंतील शक दाखवून दुप्पट मोल घेतलें. घरीं येऊन पाहतों तों शेवटचें पान निराळ्या कागदाचें आणि निराळ्या हातचें! आम्हीं स्वतः फसलों, म्हणून तें पान आजवर फाडलें नाहीं. दुसरी गोष्ट मोटारीची. मनमाडाजवळच्या एका वाडींत चिंचेखालीं एक जुनी अमेरिकन गाडी कित्येक वर्षें पडून होती. ड्यूसेनबर्ग नव्हे, तिच्याहून पुष्कळ खालच्या पायरीची. कोंबड्या आंत बसत. एका दलालानें येऊन सांगाड्यावरील अंकाची पितळी पट्टी तेवढी काढून नेली आणि मालकास कांहीं रुपये दिले. बाकीचें लोखंड पुढें भंगारांत गेलें. पट्टी आज कोणत्या गाडीवर चमकत असेल तें दलाल जाणे. पोथी टाकून पुष्पिका नेण्याचा हा प्रकार आम्हीं डोळ्यांनीं पाहिला.

२०२१ च्या जुलैंत केंद्र सरकारनें पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांची निराळी नोंदणी सुरू केली. गाडी मूळ स्वरूपांत राखलेली असावी आणि तिच्या सांगाड्यांत, बॉडींत वा यंत्रांत मोठा फेरबदल झालेला नसावा, अशी अट घातली. नव्या नोंदणीस वीस हजार रुपये शुल्क ठेविलें आणि क्रमांकांत ‘व्हीए’ हीं अक्षरें दिलीं. हेतु चांगला आहे. पण ‘मूळ स्वरूप’ हा शब्द घालणाऱ्यानें तो कसा ठरवावयाचा याचाही विचार केला पाहिजे. १९३५ च्या सांगाड्यावर १९३६ ची बॉडी हेंच जिचें मूळ स्वरूप, तिचें काय? आणि इंदुराच्या मेस्त्रीनें घासलेला पुर्जा बदलून स्वतः घडविलेला पुर्जा बसविला असेल, तर तो क्षेपक कीं परंपरेचा पाठ? आमचें मत दुसऱ्या पक्षाचें आहे. वापरांत असतां झालेली दुरुस्ती ही पोथीच्या समासांतील शोधनासारखी. ती पुसूं नये. विक्रीसाठीं केलेलें नवें-जुनेंपण निराळें.

होळकरांची ड्यूसेनबर्ग पुढें भारतांत राहिली नाहीं. ती अमेरिकेच्या संग्रहांत गेली, आणि तिच्यावर लिहिणारे बहुतेक तिकडचेच. त्यांना मोडी येत नाहीं हा त्यांचा दोष नव्हे. आपल्यांतील ज्यांना येते त्यांनीं, इंदुराकडील किंवा चांदवडाकडील कोणाच्या घरीं गाडीखान्याच्या हिशेबाचें एखादें बाड, शोफराची रोजनिशी अथवा सुट्या भागांच्या मागणीचीं पत्रें निघालीं, तर तीं रद्दींत जाण्यापूर्वीं मंडळाकडे कळवावींत. नकल करून कागद परत करण्याची जबाबदारी आम्ही घेतों.