२०२०ची यादी आणि मागे उरलेले संगीत

२०२० साली अमेरिकेच्या भूमीवर जे गायक-वादक गेले त्यांची नावे ओळीने लिहिली, तर त्यांना एकत्र आणणारा धागा सापडत नाही. मार्चमध्ये जॅझ पियानोवादक मकॉय टायनर आणि सोल गायक बिल विदर्स गेले, एप्रिलमध्ये जॅझ पियानोवादक एलिस मार्सालिस, सॅक्सोफोनवादक ली कोनिट्झ आणि गीतकार जॉन प्राइन, मेमध्ये रॉक-अँड-रोल गायक लिटल रिचर्ड आणि ड्रमवादक जिमी कॉब. ऑगस्टमध्ये पंधरा दिवसांच्या अंतराने बाल्टिमोरला पियानोवादक लिऑन फ्लायशर आणि न्यू जर्सीत मेवाती घराण्याचे पंडित जसराज, तर डिसेंबरात डॅलसला कंट्री गायक चार्ली प्राइड. वर्षअखेरीला वृत्तपत्रे आणि वाहिन्या अशी नावे गोळा करतात. प्रत्येकाच्या वाट्याला एक छायाचित्र, वय आणि एक गाजलेले गाणे येते. या रिवाजामागची भावना खरी आहे, पण तिचे माप चुकीचे आहे. एखादा कलावंत किती लोकांना ठाऊक होता, एवढेच यादी मोजते. त्याची कला कशात राहत होती आणि त्याच्यामागे ती कोणाकडे आहे, हा प्रश्न ती विचारत नाही. संगीताची स्थिती जाणून घ्यायची तर तोच प्रश्न आधी विचारावा लागतो.

शिवाय यादी सालालाच गुन्हेगार ठरवते. मार्सालिस, प्राइन, कोनिट्झ, प्राइड यांचा बळी करोनाने घेतला हे खरे. पण विदर्स हृदयविकाराने गेले, लिटल रिचर्ड आणि फ्लायशर कर्करोगाने, आणि जसराजही हृदय बंद पडून गेले. वर सांगितलेले हे कलावंत, एक प्राइन सोडले तर, सगळे १९२७ ते १९३८ या काळात जन्मलेले होते. १९४८ साली एलपी तबकडी बाजारात आली तेव्हा ही पिढी शाळकरी वयात किंवा ऐन तारुण्यात होती. तबकडी, रेडिओ आणि पुढे दूरचित्रवाणी यांच्यामुळे जिचे चेहरे आणि आवाज घराघरांत पोचले ती हीच पिढी. तिच्यातले लोक ऐंशी-नव्वदीला जाणे हा निसर्गक्रम आहे, आणि पुढची बरीच वर्षे याद्या अशाच लांबलचक राहणार आहेत. महामारीने खरोखर काय हिरावले ते पाहायचे तर नजर दुसरीकडे न्यावी लागते. माइल्स डेव्हिसकडून प्रत्यक्ष शिकलेला ट्रम्पेटवादक वॉलेस रोनी न्यू जर्सीतल्या पॅटरसनला ३१ मार्चला गेला तेव्हा एकोणसाठ वर्षांचा होता. दुसऱ्याच दिवशी गेलेला गीतकार अॅडम श्लेसिंगर अवघा बावन्न वर्षांचा. त्यांच्या हातून व्हायचे काम पुष्कळ बाकी होते. नव्वदीतल्या जसराजांचे जाणे आणि रोनीचे जाणे यांना एकाच शोकाच्या भाषेत मांडले की दोघांवरही अन्याय होतो.

कला कुठे राहते हे पाहिले की हीच नावे वेगळ्या तऱ्हेने ओळखीची होतात. लिटल रिचर्डने १९५५ साली न्यू ऑर्लिन्सच्या एका लहानशा स्टुडिओत जे ध्वनिमुद्रित केले ती स्वतःच पूर्ण कृती आहे. तो आवाज, तो आवेग तबकडीवर जसाच्या तसा बसला आणि आजही ऐकता येतो. विदर्स यांनी तर १९८५नंतर नवा अल्बमच काढला नाही. त्यांच्या निधनाने आपण माणूस गमावला, त्यांचे संगीत त्याआधी पस्तीस वर्षांपूर्वीच आपल्या हाती देऊन झाले होते. प्राइन शिकागोजवळच्या मेवुडमध्ये टपाल वाटत गाणी लिहीत होते. त्यांची गाणी दुसऱ्यांच्या गळ्यांत गेली आणि तिथेच टिकली. गायिका बॉनी रेटने त्यांचे एक गाणे १९७४ साली स्वतःचे करून टाकले. प्राइडची गोष्ट तर छायाचित्राने सुरू होणाऱ्या यादीलाच उत्तर देते. मिसिसिपीतल्या शेतमजुराच्या या काळ्या मुलाची पहिली तबकडी १९६६ साली कंपनीने रेडिओ केंद्रांना पाठवली ती नेहमीचे छायाचित्र न जोडता, कारण चेहरा पाहिला की ती वाजणार नाही ही भीती होती. श्रोत्यांनी आधी आवाज स्वीकारला. त्या आवाजाला आज आपण पुन्हा तसबिरीत बसवतो आहोत.

फ्लायशर, मार्सालिस आणि जसराज यांच्यापाशी मात्र यादी पुरती तोकडी पडते. फ्लायशर यांचे गुरू आर्टुर श्नाबेल, त्यांचे गुरू लेशेटित्स्की, त्यांचे चेर्नी आणि चेर्नींचे बीथोव्हेन. आपल्याकडच्या कोणत्याही घराण्याला शोभेल अशी ही परंपरा आहे. कारकीर्द ऐन भरात असताना, साठच्या दशकाच्या मध्यावर, फ्लायशर यांच्या उजव्या हाताची अनामिका आणि करंगळी आपोआप तळव्याकडे वळू लागली. पुढची सुमारे तीस वर्षे ते डाव्या हातासाठी रचलेले संगीत वाजवत, वाद्यवृंद चालवत आणि बाल्टिमोरच्या पीबॉडी संस्थेत शिकवत राहिले. विद्यार्थ्याला जे वाजवून दाखवायचे ते त्यांना शब्दांत सांगावे लागले, आणि या सक्तीतूनच त्यांचे शिकवणे घडले. न्यू ऑर्लिन्समध्ये एलिस मार्सालिस यांनी टेरेन्स ब्लँचर्ड, हॅरी कॉनिक धाकटे आणि स्वतःची मुले ब्रॅनफर्ड व विंटन अशी एक अख्खी पिढी उभी केली. त्यांच्या स्वतःच्या तबकड्यांवरून या कामाचा अंदाज येत नाही. जसराज लॉकडाऊनमुळे अमेरिकेतच राहिले. हनुमान जयंतीला वाराणसीच्या संकटमोचन समारोहासाठी ते तिथूनच इंटरनेटवर गायले, आणि शिष्यांना स्काइपवरून तालीमही देत राहिले. गाण्याचे ध्वनिमुद्रण विपुल आहे. शिष्याचा स्वर किंचित चढा लागला की गुरू कुठे थांबवतो, तीच जागा किती वेळा घ्यायला लावतो, ते मात्र कोणत्याही तबकडीवर नाही.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की यादी निदान सीमा तरी ओलांडते. तिच्याशिवाय प्राइनच्या चाहत्याला जसराज हे नाव कधी दिसले असते? यात तथ्य आहे, आणि म्हणून यादी बंद करा असे मी म्हणणार नाही. पण नुसते नाव दिसण्याने ओळख होत नाही. मार्च २०२१मधल्या ग्रॅमी सोहळ्यात प्राइन यांचे गाणे ब्रँडी कार्लाइलने गायले, लिटल रिचर्डची गाणी ब्रूनो मार्सने. ती आदरांजली मनापासूनची होती. तरी तिला दोन-तीन मिनिटांत बसणारे, सर्वांना पाठ असलेले गाणे लागते. विलंबित ख्याल त्या चौकटीत बसत नाही, शिकवणे तर नाहीच. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: शिकवण शिष्यांत जिवंत राहते, मग वेगळ्या जतनाची गरज काय? सवाई गंधर्वांच्या पुण्यतिथीला भीमसेन जोशींनी १९५३ साली पुण्यात सुरू केलेला महोत्सव हेच सांगतो की गुरूचे स्मरण गाऊनच करावे. ते मला मान्य आहे. पण प्रत्येक शिष्य आपल्याला जे पेलले तेवढेच पुढे नेतो. जसराजांची विद्या संजीव अभ्यंकरांच्या गळ्यात एक रूप घेते आणि न्यू जर्सी, टॅम्पा, अटलांटा इथल्या वर्गांत दुसरे. ही रूपे ज्या मुळातून फुटली ते मूळ ताडून पाहायला काही साधन हवेच.

असे साधन जपणे अमेरिकेला करता येते, कारण तिने ते करून दाखवले आहे. १९३८ साली लोकसंगीताचे संग्राहक अॅलन लोमॅक्स यांनी जॅझ पियानोवादक जेली रोल मॉर्टनला वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये पियानोपुढे बसवले आणि नुसते वाजवून न घेता ठेका कसा बनतो, चाल कुठून आली, कोण कसे वाजवत असे, हे विचारत त्याला तासन्‌तास बोलते केले. तीनच वर्षांनी मॉर्टन गेला. सरोदवादक उस्ताद अली अकबर खाँ कॅलिफोर्नियात १८ जून २००९ला गेले, आणि सात दिवसांनी मायकेल जॅक्सन. त्या वर्षीच्या स्मरणात कोण झाकोळले गेले हे सांगायला नको. तरीही सॅन राफाएलच्या खाँसाहेबांच्या महाविद्यालयात अनेक वर्षांच्या वर्गांची ध्वनिमुद्रणे जपून ठेवली होती, आणि विद्यार्थ्याला त्यांत शिरायला वाट आहे. जसराजांची स्काइपवरची तालीम ज्या कोणाकडे नोंदलेली असेल, ती घरोघरच्या फोनमध्ये आणि संगणकांत पडून राहता कामा नये. तालीम ही खासगी बाब आहे, घराण्याची चीज चारचौघांत उघडी करायची नसते, ही अडचण मी जाणतो. कुटुंबाची आणि शिष्यांची संमती घ्यावी, हवे तर काही वर्षे संग्रह बंद ठेवावा. उपकरणे निकामी होतात, पासवर्ड विसरले जातात. शिष्य आज हयात आहेत आणि कोणत्या नोंदीत कोणता राग आहे, गुरू नेमके कशासाठी थांबले, हे त्यांनाच सांगता येईल.