परक्या वर्गातला जपान

अजिंठ्यासाठी येणारे जपानी प्रवासी आम्हां उस्मानपुरेकरांस अपरिचित नाहीत. दोन दिवसांत ते या देशाविषयी मत बनवून परततात. आपली प्रवासवर्णनेही बहुधा याच जातीची. पु. ल. देशपांडे यांच्या 'पूर्वरंगा'तील जपान रसाळ खरा, परंतु तो पाहुण्याने पाहिलेला.

लाफ्काडिओ हर्न या ग्रीक-आयरिश लेखकाने १८९० साली मात्सुए गावी इंग्रजीची शिक्षकी पत्करली. जपानवरील त्याच्या १८९४ च्या ग्रंथात त्या शिक्षकीच्या रोजनिशीचे एक प्रकरण आहे, ते वाचकाने अवश्य पाहावे. मुलांचे निबंध तपासता तपासता त्याला त्यांची मने कळू लागतात. मृत्युशय्येवरील एक विद्यार्थी शाळा पुन्हा एकदा पाहावयाची म्हणतो, आणि रात्रीच त्याला पाठुंगळीस घेऊन तेथे नेतात. हा प्रसंग हर्न मुळीच न खुलविता सांगतो, म्हणून तो मनात रुततो.

देवळे, भुतेखेते आली की मात्र हाच लेखक निव्वळ भाविक होऊन बसतो. शिवाय जपानी भाषा त्याला शेवटपर्यंत बेताचीच आली! पुढे कुमामोतो येथील नोकरीत त्याचा पुष्कळ विरस झाला. चेंबरलेन यास लिहिलेल्या पत्रांतून तो उघड दिसतो. ती पत्रे या ग्रंथाशेजारी ठेवूनच वाचावीत.