बाजाराच्या काठावरची माणसे

दिवाळीच्या अंकात चित्रांविषयी लिहायचे म्हणजे फराळाच्या ताटात कारल्याची भाजी वाढण्यासारखे आहे, हे मी जाणतो. शिवाय मी चित्रकलेतला जाणकारही नव्हे. पण सुधीर पटवर्धनांचे प्रदर्शन पाहून आल्याला काही वर्षे लोटली, तरी दर दिवाळीला बाजारात शिरलो की ते आठवतेच. तेव्हा एकदा लिहून मोकळे व्हावे, हे बरे.

मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात २०१९ च्या अखेरीस ते भरले आणि २०२० च्या आरंभीही चालू होते. नाव इंग्रजी, ‘वॉकिंग थ्रू सोल सिटी’. मांडणी नॅन्सी अडजानिया यांची. चार दशकांहून अधिक काळाचे एका माणसाचे काम तेथे एकत्र पाहावयास मिळाले. पटवर्धनांचा जन्म १९४९ सालचा, पुण्यातला. ते वैद्यकी शिकले, १९७५ पासून तीस वर्षे ठाण्यात क्ष-किरणतज्ज्ञ होते आणि चित्रकला आपली आपणच शिकले. क्ष-किरणांचा हा धागा पुष्कळांनी पुष्कळ ताणला आहे. मी तो सोडून देतो.

मला खिळवून ठेवले ते २००१ सालच्या ‘लोअर परळ’ या चित्राने. गिरण्यांची जुनी वस्ती आणि तिच्यात उगवलेल्या उंच नव्या इमारती. कोणी म्हणेल, यात नवल ते काय? नवल असे की चित्रकार ओरडत नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास माणसे त्यात उतरली, आणि त्यांतली बहुतेक पुन्हा साच्यावर उभी राहिलीच नाहीत. याच लोअर परळात १९०५ साली निघालेली फिनिक्स गिरणी होती. आज तेथे मॉल आहे. जेथे कापड विणले जाई तेथेच आता दुसरीकडे विणलेले कापड दिव्यांच्या झगमगाटात विकले जाते! पटवर्धन हा विरोध आपल्या अंगावर फेकीत नाहीत. दोन काळ एकाच कॅनव्हासवर शेजारी उभे करतात आणि बाजूला होतात.

कापूस पिकवणाऱ्या आमच्या हिंगोलीच्या माणसाला ही गोष्ट परकी वाटू नये. आमच्याकडे तर हळदीचेही तेच. शेतातली हळद शिजवून, वाळवून, घासूनपुसून मोंढ्यात न्यायची, भाव पडलेला असला तरी विकून यायचे, आणि सणाला घरी पिवळ्याधमक छापील पुडीतली हळद आणायची. माझ्याही घरात तीच पुडी आहे. त्यामुळे मुंबईच्या मॉलला नावे ठेवण्याचा अधिकार मला कितपत आहे, हा प्रश्न त्या चित्रासमोर मला पडला, आणि मी थोडा शरमलो.

येथेच माझी तक्रारही आहे. पटवर्धनांची माणसे बाजाराच्या काठावर उभी असतात. ‘ट्रेन’मध्ये ती प्रवास करतात, रस्त्यात थांबतात, थकतात, त्यांच्या थकव्याला चित्रकाराने जी प्रतिष्ठा दिली आहे तिला तोड नाही. पण वस्तू हाती आल्यावर माणसाचे तोंड कसे फुलते, ते मला त्या भिंतींवर फारसे आढळले नाही. आमच्या हिंगोलीच्या दसऱ्याच्या प्रदर्शनात एखादी बाई अर्धा तास घासाघीस करून बांगड्या भरते, तेव्हा तिच्या चेहऱ्यावरचा आनंद खोटा नसतो. ती फसली असेल, पण आनंदी असते. चंगळवाद म्हणून आपण जे झिडकारतो त्यात या आनंदाचा वाटा मोठा आहे. तो वगळला तर बाजार माणसाला का ओढतो, हे कोडे उलगडत नाही. करुणा पुष्कळ आहे. लोभ मात्र कमी पडला, असे मला वाटले.

दुसरी गोष्ट दोषाची नव्हे, अडचणीची. ज्यांना आपण रंगवतो त्यांना त्या चित्रांत आपली ओळख पटावी, अशी या चित्रकाराची जुनी इच्छा. पण ती माणसे कलादालनाची पायरी चढतात कोठे? पटवर्धनांना हे उमगले असावे, कारण २००८ साली समकालीन चित्रांचे एक फिरते प्रदर्शन महाराष्ट्रातल्या गावोगावी नेण्याच्या कामी ते पुढे होते. असे आणखी व्हावयास हवे होते.

मुंबईहून येताना मी काही चित्रांच्या छापील प्रती आणल्या होत्या. एकदा त्या वर्गात फिरवल्या. ‘लोअर परळ’कडे पोरांनी एक नजर टाकली आणि पुढे सरकवले. इराणी हॉटेलात बसलेल्या माणसाच्या चित्रापाशी मात्र मागच्या बाकावरचा एक मुलगा थांबला. १९७७ सालचे ते चित्र, आणि इराणी हॉटेल म्हणजे काय हे त्याला ठाऊक असण्याचे कारण नाही. बराच वेळ पाहून तो म्हणाला, “गुरुजी, माझा काका असाच बसतो. मोंढ्यातून आल्यावर.”