एका कडू रसाचे रसग्रहण

समीक्षकाने पुस्तक वाचलेच पाहिजे असा काही नियम नाही, हे वाशिमला तीस वर्षे मराठी शिकवताना मला बऱ्याच समीक्षकांनी शिकवले. तरीसुद्धा ज्याने जन्मात सुपारीपलीकडे व्यसन केले नाही, त्याने बिअरचे परीक्षण लिहावे हे जरा अतीच झाले. पण काय करणार? बिअर पोटच्या पोराने केलेली होती!

मी मे महिन्यात त्याच्याकडे गेलो. अमेरिकेत, ऑरेगॉन राज्यातल्या पोर्टलंडला. वाशिमला पारा ४३ वर सोडून आलेलो, आणि इथे भर दुपारी स्वेटर. दुसऱ्याच दिवशी चिरंजीव म्हणाले, "बाबा, शनिवारी गॅरेजमध्ये बिअर करतोय. अकरा वर्षांनी! पोरं झाल्यापासून हात लावला नव्हता."

मी आधी उठून खिडकी लावली. आपल्याकडे १९४९चा दारूबंदी कायदा आहे. विनापरवाना घरी असला उद्योग केला तर पाहुणचार सरकारी होतो. मुलगा हसला. म्हणाला, "बाबा, इथं १९७८ सालीच अध्यक्ष कार्टरसाहेबांनी सही केली. दोन मोठी माणसं असलेल्या घराला वर्षाला २०० गॅलन. विकायची तेवढी नाही." दोनशे गॅलन म्हणजे साडेसातशे लिटर. बाप्पा! उन्हाळ्यात आमच्या नळाकडून एवढी अपेक्षा आम्ही पाण्याचीसुद्धा करत नाही.

शनिवारी माळ्यावरून सामान निघाले. त्यात एक काचेची नळी होती, ती मी लगेच ओळखली. दुधाच्या लॅक्टोमीटरची सख्खी बहीण! रसात साखर किती ते ती सांगते, आंबण्याआधी १.०५०, आंबल्यावर १.०१२, म्हणजे मद्यार्क साधारण ५ टक्के. मग एक जुने पाकीट फोडले आणि मी दोन पावले मागे सरलो. भर पावसाळ्यात न वाळलेल्या मोज्यांचा वास! ती हॉप्सची फुले. हॉप्स म्हणजे एक वेल, कुळाने गांजाची चुलत बहीण; पण वळण चांगले, नशा आणत नाही, फक्त कडूपणा आणि सुगंध देते. मात्र तिला ठेवून दिले की चीजसारखी कुबट होते. पाकीट कचऱ्यात गेले आणि नवे आले: कॅस्केड नावाचे, १९७२ साली ह्याच राज्यातून प्रसृत झालेले वाण. त्याला चक्क पपनसाचा वास.

कृती ऐकून मात्र मी निराश झालो. एवढे समुद्र ओलांडून आलो आणि निघाले काय, तर नाचणीसत्त्व! जवाला मोड आणायचे, वाळवायचे, भाजायचे, भरडायचे. ६६-६७ अंशांच्या पाण्यात तासभर ठेवले की पिठाची साखर होते. मग तो गोड रस तासभर उकळायचा. हॉप्स आधी टाकले तर कडूपणा उतरतो आणि वास उडून जातो. शेवटी टाकले तर वास राहतो. म्हणजे फोडणीचा कढीपत्ता आणि वरून घालायची कोथिंबीर! मग रस निववून त्यात यीस्ट सोडायचे आणि २० अंशांच्या आसपास गप्प राहायचे.

हे गप्प राहणेच आमच्या घराण्यात नाही. पोराने चार दिवसांत सहा वेळा झाकण उघडून पाहिले. त्याची आई असती तर तिने पळीच उगारली असती. विरजण लावल्यावर भांडे हलवले म्हणून मी कितीदा बोलणी खाल्ली आहेत, त्याची नोंद वाशिमच्या शेजाऱ्यांकडे मिळेल.

दहाव्या दिवशी गॅरेजमध्ये आंबट वास सुटला. मी खूश होऊन ओरडलो, "जमली रे जमली!" कारण तो वास माझ्या नाकाच्या ओळखीचा होता. चैत्रात कुरडयांसाठी भिजवलेल्या गव्हाचा, तिसऱ्या दिवशीचा! मुलगा मात्र पायरीवर बसला. "बिघडली, बाबा. ही जुनी रबरी नळी आतून चिरलेली होती. तीत जंतू बसले." जो वास आमच्याकडे शुभशकुन, तोच इथे सुतक. एकोणीस लिटर रस मोरीत गेला.

"विकून टाकतो सामान. आता नाही जमायचं," तो म्हणाला.

अशा वेळी बापाने काय बोलायचे असते, ते मला कधीच सुचलेले नाही. मी आपला कुरडयांचेच बोलत राहिलो. ती जाऊन आठ वर्षे झाली, तेव्हापासून घरात सोऱ्या बाहेर निघाला नाही. रोज पाणी बदलून तीन दिवस गहू भिजवायचा, चौथ्या दिवशी वाटायचा, एवढे मला पाठ आहे. पण गहू 'झाला' हे ती कशावरून ओळखायची, ते मी एकदाही विचारले नाही. मुलगा म्हणाला, "दाणा दाबून पाहायची, बाबा. आतलं पांढरं दूध लगेच बाहेर आलं पाहिजे. मला माहीत आहे. मी तिथंच बसलेला असायचो, चीक खायला." ह्यानंतर दोघेही थोडा वेळ मोरीकडेच पाहत राहिलो. दुसऱ्या दिवशी तो नवी नळी घेऊन आला.

दुसरा घाणा दोन आठवडे झाकणाआड आणि दोन आठवडे बाटलीत राहिला. मग एका संध्याकाळी पेला माझ्यापुढे आला. "खरं सांगायचं हं, बाबा."

मी चमचा मागवला. एक चमचा म्हणजे औषध, असा मी मनाशी निवाडा केला. रंग पातळ गुळवणीचा, फेस तालेवार, वास पपनसाचा. इथवर पैकीच्या पैकी. आणि मग चव! कारल्याला निदान चिंचगूळ तरी असतो. अकरा वर्षांची हौस पोराने एकाच पातेल्यात उकळली होती. पहिलाच संग्रह काढणारा कवी एकही कविता गाळत नाही, तसे!

"ह्याच जातीची थोरली बहीण इंडिया पेल एल," मुलगा माझे तोंड पाहून घाईने म्हणाला. नावात इंडिया ऐकून माझी छाती फुगली. चौकशी केली तर कळले की लंडनजवळ बो इथे हॉजसन नावाचा बिअरवाला होता. त्याची पिंपे ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून आफ्रिकेला वळसा घालून मुंबई-कलकत्त्याला येत. भारतासाठी त्यानेच मुद्दाम कडू बिअर शोधली असे सांगतात, पण अभ्यासकांना ते पटत नाही; उष्ण मुलुखांत जाणाऱ्या बिअरमध्ये जास्त हॉप्स घालावेत हे त्याच्या आधीपासून ठाऊक होते. जव तिकडचे, हॉप्स तिकडचे, पिणारे साहेबही तिकडचे. आपला वाटा फक्त तहानेचा!

हे सगळे मी रोखठोक सांगितले. "वास उत्तम. कडूपणा निम्मा कर. पातेल्यावर विश्वास ठेव, जरा कमी बोल."

"लहानपणी ९२ मार्क आणले, तेव्हाही तुम्ही 'आठ कुठे गेले' एवढंच विचारलं होतं," तो म्हणाला. हसतच म्हणाला, पण म्हणाला.

मी चमचा पुढे केला. "आणखी एक दे."

ह्या चैत्रात वाशिमला मी दोन किलो गहू भिजत घातला. दाणा दाबून पाहिला, दूध आले. चीक शिजवताना मात्र गुठळ्या झाल्या आणि निम्म्या कुरडया सोऱ्यातच तुटल्या. तरी गच्चीवर वाळत घातलेल्यांचा फोटो मुलाला पाठवला. तासाभरात उत्तर आले: "वास इथंपर्यंत आला. ९२."

आठ कुठे गेले, हे मी विचारलेले नाही.