निरोपाविना गेलेला घोडा : टॉल्स्टॉय आणि स्टाइनबेक यांच्या दोन कथांचा तौलनिक विचार

प्रास्ताविक

मनुष्य आणि पाळीव प्राणी यांच्या संबंधांवर जे कथावाङ्मय निर्माण झाले, त्यात घोड्याचे स्थान वेगळे आहे. घोडा घरात वावरत नाही. तो कामाचा सोबती असतो. त्याच्यावरील प्रेम आणि त्याच्याकडून घेतले जाणारे काम ही दोन्ही एकाच नात्यात गुंफलेली असतात. त्यामुळे घोडा म्हातारा झाला, की या नात्याची खरी परीक्षा होते. काम संपल्यावर प्रेम उरते काय, आणि उरले तर ते निरोपाच्या रूपाने व्यक्त होते काय, हा प्रश्न लिओ टॉल्स्टॉय यांची 'खोल्स्तोमेर' (प्रकाशन १८८६) आणि जॉन स्टाइनबेक यांची 'द ग्रेट माउंटन्स' (१९३३) या कथांच्या केंद्रस्थानी आहे. दोन्ही कथांत म्हाताऱ्या घोड्याचा मालक त्याचा निरोप घेत नाही. या न घेतलेल्या निरोपाचा अर्थ शोधण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

'माझा' या शब्दाची चिकित्सा

टॉल्स्टॉय यांनी 'खोल्स्तोमेर' १८६३ च्या सुमारास लिहावयास घेतली आणि ती पूर्ण होऊन प्रसिद्ध होण्यास दोन दशकांहून अधिक काळ लागला. कथेचा नायक एक अबलख, खच्ची केलेला, वृद्ध घोडा आहे. कळपातील तरुण घोडे त्याचा छळ करतात. व्याझोपुरिखा ही म्हातारी घोडी त्याला ओळखते आणि त्यानंतर सलग पाच रात्री तो कळपाला आपली जीवनकहाणी सांगतो. उत्तम वंशात जन्म, लांब आणि डौलदार चाल. तरीही केवळ अबलख रंगामुळे वाट्याला आलेली उपेक्षा, असे त्याचे पूर्वायुष्य आहे.

या निवेदनातील सर्वाधिक चर्चिला गेलेला भाग म्हणजे मालकीविषयीचे चिंतन. माणसे 'माझी जमीन', 'माझा घोडा' असे म्हणतात, म्हणजे नेमके काय करतात, हे घोड्याला उमगत नाही. ज्याने त्याला आपला म्हटले तो त्याला चारा घालीत नव्हता. जो चारा घालीत होता त्याला तो आपला म्हणता येत नव्हता. रशियन समीक्षक व्हिक्टर श्क्लोव्हस्की यांनी १९१७ मधील आपल्या प्रसिद्ध निबंधात 'अपरिचितीकरण' ही संकल्पना मांडताना याच कथेचा आधार घेतला. परिचित संस्था घोड्याच्या नजरेतून पाहिल्यामुळे ती विचित्र भासू लागते, असे त्यांचे प्रतिपादन होते.

मात्र या चिंतनाचा विचार केवळ तंत्र म्हणून करणे अपुरे ठरते. 'माझा' या शब्दात ममत्व आणि मालकी असे दोन अर्थ एकत्र नांदतात. मराठीतही 'माझा घोडा' या शब्दप्रयोगात जिव्हाळा कोठे संपतो आणि हक्क कोठे सुरू होतो, हे सांगता येत नाही. मालकी विक्रीच्या क्षणी संपते. ममत्वाला मात्र संपण्यासाठी निरोपाची आवश्यकता असते. खोल्स्तोमेर अनेकदा विकला जातो, परंतु त्याला निरोप कधीच मिळत नाही.

न ओळखली गेलेली खिंकाळी

खोल्स्तोमेरच्या आयुष्यातील सर्वांत सुखाचा काळ हुजार अधिकारी सेर्पुखोव्हस्कॉय याच्याकडे गेला. हा मालक देखणा, श्रीमंत आणि कोणावरही प्रेम न करणारा होता. पळून गेलेल्या प्रेयसीचा पाठलाग करताना त्याने घोड्याला बेदम पळवले आणि त्यातच घोड्याचे शरीर कायमचे खचले. तरीही घोड्याच्या मनात त्याच्याविषयी प्रेमच राहिले.

पुढे कर्जबाजारी आणि स्थूल झालेला सेर्पुखोव्हस्कॉय त्याच इस्टेटीवर पाहुणा म्हणून येतो. यजमान त्याला घोडे दाखवत असताना म्हातारा खोल्स्तोमेर आपल्या धन्याला ओळखतो आणि क्षीण आवाजात खिंकाळतो. जणू ओशाळून मध्येच थांबतो. पाहुणा आणि यजमान या दोघांचेही तिकडे लक्ष जात नाही. आपल्याजवळ एकेकाळी असाच अबलख घोडा होता, हे सेर्पुखोव्हस्कॉयला आठवते. तो त्याचे गुणगानही करतो. परंतु त्या आठवणीतील घोडा हा त्याच्या गतवैभवाचा एक अलंकार आहे. समोरचा जीव त्याला दिसत नाही. आठवण शाबूत आहे आणि ओळख मात्र नाही, हाच या प्रसंगातील खरा शोकात्म भाग होय.

ईस्टर आणि गितानो

स्टाइनबेक यांची कथा कॅलिफोर्नियातील सलिनास परिसरात घडते. 'द रेड पोनी' या कथामालिकेतील ही दुसरी कथा आहे. कार्ल टिफ्लिनच्या रँचवर ईस्टर हा तीस वर्षांचा घोडा आहे. तो कार्लचा पहिला घोडा होय. एके दिवशी गितानो नावाचा वृद्ध तेथे येतो. तो याच भूमीवर जन्मला असून मरणासाठी परत आला आहे. कार्ल त्याला एका रात्रीपुरता आश्रय देतो. म्हाताऱ्या घोड्याला गोळी घालून मोकळे करणे हेच योग्य, असे तो गितानोच्या देखत बोलतो. त्याच्या बोलण्याचा रोख घोड्यावर आहे तितकाच माणसावरही आहे. मजूर बिली बक मात्र जन्मभर राबलेल्यांना विसाव्याचा हक्क असतो, असे मत मांडतो.

दुसऱ्या दिवशी गितानो आणि ईस्टर दोघेही नाहीसे झालेले असतात. खोगिराविना घोड्यावर बसून तो वृद्ध डोंगराच्या दिशेने गेल्याचे एक शेजारी सांगतो. घोडा पुरण्याचे श्रम वाचले, असा शेरा मारून कार्ल विषय संपवतो. आपल्या पहिल्या घोड्याला उद्देशून त्याचे हेच अखेरचे शब्द ठरतात. निरोपाचे दुःख ज्याच्या वाट्याला येते तो त्याचा लहान मुलगा जोडी होय. गवतावर पडून तो ज्या अनाम दुःखाचा अनुभव घेतो, त्याचे कारण त्यालाही सांगता येत नाही.

उपयुक्ततेचा प्रश्न

दोन्ही कथा मालकीवर प्रहार करतात. तथापि त्यांच्या शेवटात महत्त्वाचा फरक आहे. खोल्स्तोमेरला खरूज होते आणि त्याला कातडी सोलणाऱ्याच्या हवाली केले जाते. आपल्यावर उपचार होत आहेत, असे त्या घोड्याला वाटते. गळा चिरला गेल्यावर आयुष्याचे ओझे हलके झाल्याची त्याची जाणीव टॉल्स्टॉय विलक्षण संयमाने रेखाटतात. त्यानंतर त्याचे मांस लांडगीची पिले खातात आणि उरलेली हाडे एक शेतकरी वापरासाठी नेतो. याउलट सेर्पुखोव्हस्कॉयचे कातडे, मांस वा हाडे कोणाच्याही उपयोगी पडत नाहीत, असे सांगून कथा संपते.

हा शेवट प्रभावी आहे, परंतु तो निर्दोष नाही. घोड्याचे श्रेष्ठत्व सिद्ध करण्यासाठी लेखकाने येथे उपयुक्ततेचेच माप वापरले आहे. ज्या मापाने मालकांनी घोड्याला टाकाऊ ठरवले, त्याच मापाने लेखक त्याला मोठा ठरवतो. स्टाइनबेक यांच्या कथेत ईस्टर अखेरीस कोणत्याही कामासाठी जात नाही; एका निरुपयोगी ठरलेल्या जिवाला सोबत करीत तो निघून जातो. त्याचा खरा सोबती कायद्याच्या दृष्टीने चोर ठरतो, ही या कथेतील अर्थपूर्ण विसंगती आहे. मात्र येथे घोड्याला स्वतःचा आवाज नाही, ही त्या कथेची मर्यादा म्हणावी लागेल.

या दृष्टीने पाहता 'खोल्स्तोमेर'चे सर्वोच्च स्थान हाडांच्या वर्णनात नसून त्या अर्धवट खिंकाळीत आहे. तिचा कोणालाही उपयोग नाही, तिला उत्तर नाही आणि तिच्यात मागणीही नाही.

समारोप

निरोप ही मूलतः निरुपयोगी कृती आहे. तिने म्हातारा घोडा तरुण होत नाही आणि मरणही टळत नाही. म्हणूनच ती मालकीच्या व्यवहारात बसत नाही आणि म्हणूनच तिच्यावरून ममत्वाची पारख होते. टॉल्स्टॉय यांच्या कथेत मालकाने न घेतलेला निरोप घोडा घेतो. स्टाइनबेक यांच्या कथेत तो एक बेघर वृद्ध आणि एक लहान मुलगा घेतात. काम थांबलेल्या जिवाकडे समाज कोणत्या नजरेने पाहतो, हा दोन्ही कथांचा प्रश्न घोड्यापुरता मर्यादित नाही. गितानोला एका रात्रीनंतर निघून जाण्यास सांगणारे घर आणि ईस्टरला गोळी घालू पाहणारे घर एकच आहे, हे वाचकाने विसरता कामा नये.