न उजळलेला दिवा काय सांगतो?

आज मी एका चाचणीवर टीका करणार आहे. ती वाईट आहे म्हणून नव्हे, चांगली आहे म्हणूनच.

क्षयरोगाची एक्सपर्ट एमटीबी/रिफ ही चाचणी. आपल्याकडे दवाखान्यात तिला सीबीनॅट म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये तिला मान्यता दिली. थुंकीचा नमुना कार्ट्रिजमध्ये घातला की साधारण दोन तासांत दोन उत्तरं मिळतात: क्षयाचे जंतू आहेत का, आणि रिफॅम्पिसिन हे औषध त्यांच्यावर चालेल का. पूर्वी जंतू वाढवून हे कळायला कित्येक आठवडे जायचे. माझा आक्षेप आहे तो दुसऱ्या उत्तराच्या भाषेवर.

आत काय घडतं बघा. संजय त्यागी आणि फ्रेड क्रेमर यांनी १९९६ मध्ये 'मॉलिक्युलर बीकन' मांडला. डीएनएचा छोटा तुकडा, केसांच्या आकड्यासारखा दुमडलेला. एका टोकाला चमकणारा रंग, दुसऱ्या टोकाला ती चमक गिळणारा रेणू. दोन्ही शेजारी आहेत तोवर अंधार. जुळणारा डीएनए भेटला की आकडा उलगडतो, टोकं लांब जातात आणि प्रकाश दिसतो.

या चाचणीत असे पाच बीकन आहेत. जंतूच्या आरपीओबी जनुकातला ८१ अक्षरांचा पट्टा त्यांनी वाटून घेतलेला आहे. पुरेसे दिवे लागले की क्षय आहे. पण त्यातला एखादा लागलाच नाही, किंवा फार उशिरा लागला, तर यंत्र छापतं: 'रिफॅम्पिसिन रेझिस्टन्स डिटेक्टेड'.

इथे थांबा. दिवा लागला, हा पुरावा झाला. दिवा लागला नाही, यावरून आपण काढतो ते अनुमान. छापील अहवालात मात्र दोन्ही एकाच आवाजात बोलतात.

याची किंमत रुग्ण मोजतो. त्या पट्ट्यात असेही बदल होतात की अक्षर बदलतं, प्रथिन तेच राहतं. त्याला मूक बदल म्हणतात. औषध चालणार असतं, पण बीकन चिकटत नाही, आणि माणूस जास्त त्रासाच्या औषधांकडे ढकलला जाऊ शकतो. उलटही होतं. इस्वातिनी देशात २००९ च्या पाहणीतल्या बहुऔषध-प्रतिरोधी जंतूंपैकी सुमारे ३० टक्क्यांत बदल या पट्ट्याच्या बाहेर होता. पाचही दिवे लागणार, आणि औषध मात्र चालणार नाही!

तंत्रज्ञांना हे ठाऊक होतं. २०१७ मध्ये शिफारस झालेली 'अल्ट्रा' आवृत्ती बीकन कोणत्या तापमानाला सुटतो ते मोजते, त्यामुळे काही मूक बदल ओळखू येतात. पण पट्ट्याबाहेरचं तिलाही दिसत नाही.

म्हणून माझी मागणी साधी आहे. अहवालात लिहा: 'तपासलेल्या पट्ट्यात बदल आढळला', किंवा 'आढळला नाही'. रुग्णाची स्थिती आणि अहवाल जुळत नसतील, तर कल्चर किंवा जनुकाचं वाचन करून खात्री करा. आणि 'नॉट डिटेक्टेड' वाचून रुग्णाला 'औषध नक्की चालेल' असं सांगू नका. यंत्र तेवढं म्हणालेलंच नसतं; ते वाक्य आपण जोडतो.