फाइलचा मार्ग: पाथलिब काय सोडवते आणि काय सोडवत नाही

वेब प्रोग्रॅमिंगच्या प्रात्यक्षिकांत एक सल्ला हमखास असतो: फाइलचा मार्ग हाताने लिहू नका, जोडणारे फंक्शन वापरा. सल्ला बरोबर आहे, पण अपुरा आहे. तो पाळूनही लॅपटॉपवर चालणारा प्रकल्प सर्व्हरवर बंद पडतो. पायथनच्या पाथलिब या मॉड्यूलच्या निमित्ताने हा सल्ला तपासून पाहू.

आधी थोडी पार्श्वभूमी. युनिक्समध्ये फोल्डरांची नावे तिरप्या रेघेने (/) वेगळी केली जातात. एमएस-डॉसमध्ये ही रेघ आज्ञांच्या पर्यायांसाठी आधीच वापरात होती. त्यामुळे १९८३ च्या दुसऱ्या आवृत्तीत फोल्डर आले तेव्हा उलटी रेघ (\) घेतली गेली आणि विंडोजनेही तीच चालू ठेवली.

हा फरक पाथलिब चांगला सांभाळते. २०१४ मध्ये पायथन ३.४ सोबत ते आले आणि मार्ग ही नुसती स्ट्रिंग न राहता ऑब्जेक्ट झाला. फाइलचे नाव, विस्तार, वरचे फोल्डर हे सर्व त्यालाच विचारता येते. २०२० मध्ये जँगो ३.१ ने नव्या प्रकल्पाच्या सेटिंग्ज फाइलमध्ये ओएस-पाथऐवजी पाथलिब घेतले. कोड वाचायला सोपा झाला, हे मान्यच करायला हवे.

मात्र विद्यार्थ्यांना अडवणाऱ्या चुका बहुधा रेघेच्या नसतात.

पहिली चूक आरंभबिंदूची. सापेक्ष मार्ग कोडच्या फाइलपासून मोजला जात नाही. प्रोग्रॅम ज्या फोल्डरमधून सुरू केला, तिथून तो मोजला जातो. सर्व्हरवर ते फोल्डर वेगळे असले की फाइल सापडत नाही. जँगोच्या सेटिंग्जमधील ‘बेस डिर’ची ओळ हाच प्रश्न सोडवते, पण पुष्कळ जण ती न समजता तशीच ठेवतात.

दुसरी चूक इंग्रजी लहान-मोठ्या अक्षरांची. विंडोज व मॅकओएस सहसा हा फरक मानत नाहीत, लिनक्स मानते. पाथलिब चुकीचे नाव दुरुस्त करून देत नाही. सर्व नावे लहान अक्षरांत ठेवण्याची शिस्त आपणच पाळावी लागते.

तिसरी चूक म्हणजे फाइलचा मार्ग आणि यूआरएल एकच समजणे. यूआरएलमध्ये कोणत्याही संगणकावर तिरपी रेघच असते. पाथलिबचा मार्ग विंडोजवर स्ट्रिंग करून टेम्प्लेटमध्ये टाकला, तर उलट्या रेघा उमटतात. तिथे जँगोचा ‘स्टॅटिक’ टॅगच वापरावा.

एक धोका सुरक्षेचाही आहे. जोडताना दुसरा भाग तिरप्या रेघेने सुरू झाला, तर लिनक्सवर पहिला भाग पूर्ण गळून पडतो. नाव वापरकर्त्याकडून आलेले असेल, तर तो सर्व्हरवरील भलतीच फाइल मागू शकतो. जोडणारे फंक्शन वापरले म्हणजे मार्ग सुरक्षित झाला, असे नाही.

सारांश, पाथलिब जरूर वापरावे, पण शिकवण्याचा क्रम बदलायला हवा. मार्ग कुठून मोजला जातो आणि तो फाइलचा आहे की यूआरएलचा, हे आधी विचारावे. रेघेचा प्रश्न त्यानंतरचा.

सरावासाठी: तुमचा जँगो प्रकल्प एकदा त्याच्या बाहेरच्या फोल्डरमधून सुरू करून पाहा. जे मोडेल, ते सर्व्हरवरही मोडू शकते.